ब्रेकचं बघितलंस का?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले सगळे शनिवार-रविवार एका व्हॅनखाली पाठीवर पडून गेले. तेव्हा आजचा विषय एकच: पेट्रोलच्या व्हॅनमध्ये डिझेल इंजिन बसवणं. गाड्यांत रस नसलेल्यांनी आकडे आले की सरळ पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी, राग नाही.

व्हॅन म्हणजे १९९४ ची फोर्ड ई-१५०. आपली जुनी मारुती व्हॅन हिच्या पोटात राहील, एवढी मोठी. इंजिन अर्धं नाकात आणि अर्धं केबिनमध्ये. पुढच्या दोन सीटांच्या मध्ये एक कुबड असतं, ते उचललं की इंजिन समोर. पोरांना घेऊन यलोस्टोनला जायचं म्हणून स्वस्तात घेतली. एका उन्हाळ्यात तिच्या पाच लिटरच्या व्ही-८ चं हेड गास्केट गेलं आणि मी ते वेळेत ओळखलं नाही. इंजिन तापून कायमचं बसलं. त्यानंतर दीड वर्ष व्हॅन घरापुढे उभी. बायकोचं म्हणणं सोपं होतं, "एक तर चालू कर, नाही तर वीक."

अशात अण्णा आले, सहा महिन्यांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं डिझेल फिटर. इकडे आलेल्या आईवडिलांचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. पहिले पंधरा दिवस नवलाई, मग खिडकी. रस्ता ओलांडताना, कचरा टाकताना, नळ सोडताना आपण त्यांना एकच वाक्य ऐकवत असतो, "अण्णा, इथे वेगळं असतं." दिवसातून दहा वेळा तरी मी ते म्हणत असेन.

एका सकाळी बघतो तर अण्णा व्हॅनचं बॉनेट उघडून उभे. "पेट्रोल आहे व्हय," इतक्या नाराजीनं म्हणाले, जणू व्हॅनला काही आजार आहे. "डिझेल टाक हिच्यात. आपल्याकडं पेट्रोल जीपा, अँबेसिडर, किती गाड्यांना बसवली लोकांनी."

अमेरिकेत या कामासाठी लोक एक ठरावीक इंजिन शोधतात, कमिन्सचं ४बीटी. चार सिलिंडर, ३.९ लिटर, टर्बो. ताकद फक्त १०५ हॉर्सपॉवर, पण टॉर्क १६०० आरपीएमलाच २६५ पौंड-फूट. ब्रेड आणि वेफर्स पोचवणाऱ्या चौकोनी डिलिव्हरी गाड्यांत ही इंजिनं असायची. गाड्या गंजून भंगारात जातात, इंजिन तसंच राहतं. आम्हाला एका लिलावात अशी ब्रेडगाडी मिळाली.

कमिन्स म्हटल्यावर अण्णांचा चेहरा उजळला. कंपनीचं मूळ गाव कोलंबस, आमच्या इंडियानातच. १९१९ साली तिथे सुरू झाली. पण अण्णांच्या लेखी कमिन्स म्हणजे कोथरूड, कारण किर्लोस्कर-कमिन्स १९६२ पासून पुण्यात. त्यात ४बीटीचा थोरला भाऊ म्हणजे सहा सिलिंडरचं ६बीटी. ते इथे १९८९ पासून डॉज पिकअपमध्ये आलं आणि तिकडे टाटाच्या ट्रकमध्ये. "म्हणजे घरचंच आहे की!" अण्णा म्हणाले.

कायद्याचंही सांगतो. इंडियानात धुराची तपासणी फक्त लेक आणि पोर्टर काउंटीत होते, आम्ही त्यात येत नाही. तपासणी नाही म्हणजे नियम नाहीत असं नव्हे, आणि कॅलिफोर्नियातल्या मित्रांनी तर हा नाद करूच नये. भारतात इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते.

कामाला लागलो. जुनं इंजिन निघालं, त्याच्याबरोबर त्याचा कॉम्प्युटर आणि हाताच्या मनगटाएवढा जाड वायरींचा जुडगा निघाला. नव्या इंजिनाला कॉम्प्युटरच नाही. डिझेल पंप पूर्ण मेकॅनिकल. पंपावरच्या सोलेनॉइडला एका वायरनं १२ व्होल्ट दिले की इंजिन चालतं, काढले की बंद. सेल्फ सोडला तर बस, तेवढंच. रोज हजारो ओळींच्या कोडमध्ये बुडालेल्या माणसाला याचं काय वाटलं असेल, कल्पना करा.

पण वजन! जवळपास साडेतीनशे किलो, म्हणजे जुन्यापेक्षा सव्वाशे-दीडशे किलो जास्त. पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागल्या. फाउंडेशन नवीन वेल्ड केले. डिफरन्शिअलचं गणित मी केलं. हे इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास थांबतं. ब्रेडगाडीच्या तीन गिअरच्या बॉक्सवर आणि व्हॅनच्या ३.५५ डिफरन्शिअलवर त्याचा अर्थ जेमतेम ताशी ६० मैल. हायवेवर मागचे ट्रक हॉर्न मारतील. म्हणून ३.०८ चे गिअर टाकले, ७० पर्यंत जातं. हा एक्सेलशीटचा भाग मला फार आवडला. मी किती हुशार आहे असं वाटायला लागलं.

तेव्हाच कधीतरी, पान्याला ग्रीस पुसत, अण्णांनी विचारलं, "ब्रेकचं बघितलंस का? सर्व्होला व्हॅक्यूम कुठनं देणार?"

मी व्हॅनखालून म्हणालो, "जोडलाय तो पाइप, अण्णा. इथल्या गाड्यांचं वेगळं असतं."

अण्णा पुढे काही बोलले नाहीत.

ऑगस्टच्या एका रविवारी इंजिन सुरू केलं. नोझलचे नट ढिले करून अण्णांनी एअर काढली. तिसऱ्या सेल्फला एक सिलिंडर पेटला, मग दुसरा, मग सगळी व्हॅन कुत्र्यासारखी अंग झाडत उभी राहिली. अण्णांनी लांब पेचकसाचं टोक एकेका नोझलपाशी टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "तिसरा जरा हलका मारतोय. चालंल." एसटी सोडल्यापासून त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

पॅडल कडक लागत होतं. मला वाटलं, दीड वर्ष उभी होती, होईल मोकळं. अण्णांना शेजारी बसवलं आणि निघालो. आमच्या रस्त्याच्या शेवटी उतार आहे आणि उताराच्या तळाशी स्टॉपची पाटी. ब्रेक दाबला. पाय भिंतीवर ठेवल्यासारखा. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला, तरी गाडी म्हणावी तशी मंदावेना. दोन्ही पाय पॅडलवर ठेवून अक्षरशः उभा राहिलो. व्हॅन थांबली ती पांढऱ्या रेषेच्या पुढे, नाक चौकात. समोरून एक मुलगी सायकलवरून गेली. तिनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता मला जे तीन महिने आधी कळायला हवं होतं ते. पेट्रोल इंजिनाची ताकद हवा कोंडून कमी करतात. थ्रॉटल मिटला की इंजिन बंद दारातून श्वास ओढतं आणि मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. ब्रेकचा सर्व्हो तोच व्हॅक्यूम वापरून आपल्या पायाला मदत करतो. डिझेलची हवा कोणी कोंडत नाही, तिथे फक्त डिझेल कमीजास्त होतं. म्हणजे व्हॅक्यूमच नाही. इंजिन ब्रेकिंगही कमी, कारण तेच. मी तो पाइप मोठ्या विश्वासानं टर्बोच्या मॅनिफोल्डला जोडला होता, जिथे ओढ नाही, उलट दाब असतो! जुनं इंजिन ब्रेकला काहीतरी देत होतं, हे माझ्या एक्सेलशीटमध्ये कुठेच नव्हतं. आमच्या धंद्यात अशा चुकीला मी ज्युनियरला चांगलं झापलं असतं.

घरी येईपर्यंत कोणी बोललं नाही. रात्री जेवताना मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला माहीत होतं ना? मग परत का नाही बोललात?"

ते ताटाकडे बघत म्हणाले, "तू म्हणालास इथं वेगळं असतंय. मला वाटलं, असंल."

घास गिळेना. सायकलवरची ती मुलगी रात्रभर डोळ्यांसमोर होती.

सकाळी डायनिंग टेबलवर एका पाकिटाच्या मागे चित्र काढलेलं होतं. टाटा सुमोचा डायनामो आणि त्याच्या पाठीवर छोटासा व्हॅक्यूम पंप. "डिझेल गाडीला ह्यो लागतोच," अण्णा म्हणाले. आमच्या इंजिनाला त्याच कामाचा पंप डॉजच्या त्या थोरल्या भावाचा बसतो, टायमिंग गिअरवर चालणारा. एका भंगारवाल्याकडे मिळाला. बसवला, गेज लावून व्हॅक्यूम मोजला, मग रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये अण्णांनी मला वीस वेळा ब्रेक मारायला लावला. एकविसाव्यांदा ते स्वतःच्या मनानं म्हणाले, "आता बस."

यलोस्टोन झालं. डिझेल चांगलं पुरतं, आवाज भयंकर आहे, मागची पोरं बोललेली ऐकू येत नाहीत (हा फायदा धरा). कुबडाच्या आतल्या बाजूला मी एक यादी चिकटवली आहे, जुनं इंजिन कोणाकोणाला काय देत होतं त्याची: हीटर, एसी, स्टिअरिंग, मीटर, डायनामो. पहिली ओळ अण्णांच्या अक्षरात आहे, "ब्रेक - व्हॅक्यूम".

अण्णा ऑक्टोबरमध्ये साताऱ्याला परत गेले. विमानतळावर जाताना पुढच्या सीटवर बसून त्यांनी मला लेन कुठली धरायची ते सांगितलं. चूक सांगितलं. मी "इथे वेगळं असतं" म्हणणार होतो. मग आधी विचारलं, "का हो अण्णा?" म्हणाले, "पुढं ट्रकचं मागचं चाक डुलतंय." खरंच डुलत होतं.