रेझिन ओढण्याआधी

गच्चीवरच्या खोलीत मी मोटरसायकलचे कार्बन फायबरचे भाग बनवतो. पद्धत इन्फ्युजनची: साच्यात कोरडं कापड, त्यावर पीलप्लाय (शेवटी सोलून काढायचं कापड), मग रेझिन पसरवणारी जाळी आणि सगळ्यावर प्लॅस्टिकची बॅग. कडा चिकट टेपने सील करून पंपाने हवा काढायची आणि एका नळीतून इपॉक्सी आत ओढू द्यायचं. ब्रशने लावलेल्या कामापेक्षा भाग हलका आणि दणकट होतो. पण सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहिली, तर काळ्या चकचकीत मडगार्डवर ती उन्हात लगेच डोळ्यांत भरतात.

छिद्रं दिसली की पहिला संशय रेझिनवर जातो. माझ्या अनुभवात मूळ बहुतेकदा बॅगेत सापडतं. म्हणून हवा काढून झाली की नळी चिमट्याने दाबतो, पंप बंद करतो आणि गेजकडे बघत बसतो. अर्धा तास काटा हलता कामा नये. हलला तर पंखाही बंद करायचा, एका बारीक नळीचं टोक कानाला लावायचं आणि दुसरं टोक टेपच्या कडेने सावकाश फिरवायचं. बॅगेच्या चुणीच्या टोकाशी किंवा नळी आत शिरते तिथे अगदी बारीक शीळ ऐकू येते. अंगठ्याने टेप दाबला की ती थांबते. ही शीळ सापडल्याशिवाय मी हार्डनरला हात लावत नाही.

गेजबद्दल एक सांगायलाच हवं, कारण त्यापायी चांगले पंप बदलले जातात. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आहे आणि इथला हवेचा दाब 950 मिलिबारच्या आसपास असतो. साध्या गेजचा काटा इथे 28 इंचांच्या आसपासच थांबणार; मुंबईत तोच पंप 29 च्या पुढे जाईल. पंपात काही बिघाड नसतो.

पावसाळ्यात दुसरीच अडचण. कापडात आणि विशेषतः नायलॉनच्या पीलप्लायमध्ये ओल धरून राहते. 30 अंशांना पाणी 42 मिलिबारच्या खाली उकळू लागतं, म्हणजे बॅगेतल्या व्हॅक्यूममध्ये त्या ओलीची वाफ होते आणि तिचेच बुडबुडे रेझिनमध्ये अडकतात. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये थर रचून झाले की रात्रभर पंप चालू ठेवतो आणि रेझिन सकाळी ओढतो. विजेचं बिल वाढतं, पण भाग फुकट जाण्यापेक्षा ते परवडतं.

मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यांत बॅग ताणली गेली की ती कापडापासून अधांतरी राहते आणि त्या पोकळीत नुसतं रेझिन साठतं. बॅग साच्यापेक्षा बरीच मोठी कापून कोपऱ्याकोपऱ्याला चुण्या ठेवल्या की ती आतपर्यंत बसते. व्हॅक्यूम पूर्ण चढण्याआधीच बोटांनी तिला कोपऱ्यात सारायचं; नंतर ती जागची हलत नाही.

जाळीचं गणितही महत्त्वाचं. डार्सीने 1856 मध्ये वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा जो नियम मांडला, तोच इथे लागू पडतो: अंतर दुप्पट झालं की भरायला वेळ चौपट लागतो. जाळीमुळे हा प्रवास झटपट होतो, पण वरून रेझिन धावतं आणि खालचे थर मागे पडतात. म्हणून जाळी मी व्हॅक्यूमच्या कडेपासून तीन-चार सेंटिमीटर आधीच संपवतो. तिथे रेझिनचा वेग मंदावतो आणि साच्याला लागलेल्या थरापर्यंत ते नीट मुरतं.

इपॉक्सी आणि हार्डनर वजनकाट्यावरच मोजायचे. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर इपॉक्सी कायमचं मऊ राहतं. मिसळलेलं रेझिन व्हॅक्यूमच्या भांड्यात ठेवलं की फेस वर चढतो आणि फुटून खाली बसतो; त्यासाठी भांडं निम्म्याहून कमी भरलेलं हवं. एप्रिलच्या उन्हाळ्यात रेझिन पातळ होऊन छान वाहतं, पण हाताशी वेळही कमी राहतो, म्हणून तेव्हा मंद हार्डनर वापरतो. शेवटचा घोट नळीत शिरण्याआधी चिमटा लावायचा, नाहीतर मागोमाग हवा आत जाते.

साच्यातून निघालेला प्रत्येक भाग मी तोलतो आणि सुक्या कापडाच्या वजनाशी ताडून पाहतो. वजनात रेझिन चाळीस टक्क्यांच्या आत राहिलं की काम जमलं. मागचं मडगार्ड थोडं वर गेलं आणि जास्तीचं रेझिन मागच्या आतल्या कोपऱ्यातच दिसतंय, म्हणून पुढच्या वेळी तिथे आणखी एक चुणी ठेवणार आहे.