चिंचोक्यांचा डाव

छोट्या दोस्तांनो, तुम्हाला मेंढीकोट खेळता येतो का? आमच्या पिशोरला उन्हाळ्याच्या सुट्टीत चिंचेखाली पोतं अंथरून आम्ही चौघं मित्र हाच डाव मांडायचो. चौघांच्या दोन जोड्या, प्रत्येकाला १३ पानं, आणि सगळी लढाई चार दश्श्यांसाठी. दश्शी म्हणजेच मेंढी! चारही मेंढ्या एकाच जोडीने पळवल्या की झाला कोट. मग हरलेल्यांनी जिंकलेल्यांना चिंचोके मोजून द्यायचे. खिसे चिंचोक्यांनी फुगवून घरी जाताना आम्हाला सावकार झाल्यासारखं वाटायचं!

पुढे शाळा संपली आणि चौघं चार ठिकाणी गेलो. एक वाळूजच्या कारखान्यात लागला, एक पुण्याला नोकरीला गेला. तिसरा गावातच राहिला, पण गावाबाहेर अंजना नदीच्या अंगाला, आपल्या मळ्यात. मी पिशोर गावात. मग आम्ही एकमेकांना नावंच पाडली, 'वाळूज', 'पुणे', 'मळा' आणि 'पिशोर'. वर्षातून एकदा भेट झाली तरी पुष्कळ!

मग आलं २०२० साल. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. दहावीचा भूगोलाचा पेपरसुद्धा रद्द झाला, आठवतं का? तुमच्यापैकी काहीजण तेव्हा फारच लहान असाल. घरात बसून बसून कंटाळा आला होता. एका रात्री वाळूजचा फोन आला, "अरे, मोबाइलवर मेंढीकोट खेळता येतो. एकानं खोली उघडायची, तिचा आकडा बाकीच्यांना कळवायचा. तो आकडा ज्याच्याजवळ, तोच आत येणार. परक्याचं कामच नाही!"

झालं! दर रविवारी रात्री ९ वाजता आमचा डाव सुरू झाला. खोली उघडायचं आणि हिशेब ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

पण चिंचोक्यांचं काय? त्यावरही तोड काढली. प्रत्येकाने घरी एक डबा ठेवायचा, त्यात ५० चिंचोके. हरलं की आपल्या डब्यातून काढायचे, जिंकलं की भर घालायची. पुण्याला चिंचोके मिळेनात, म्हणून त्याने शर्टाची जुनी बटणं घेतली! गंमत म्हणजे कुणाच्या डब्यात किती आहेत हे दुसऱ्याला दिसत नव्हतं. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. पण चिंचोक्यासाठी कोण खोटं बोलणार?

मधूनच मळ्याची रेंज जायची. तो बाहेर पडला की डाव मोडायचा. मग आम्ही हसायचो, "गेला वाटतं आपला मळा!" आणि नवा डाव वाटायचो.

त्या दिवाळीत कुणीतरी म्हणालं, "चिंचोक्यांत काय मजा नाही राव. डावाला २ रुपये लावू. चहाचे पैसे!" कुणीतरी काय, खरं सांगतो, मीच म्हणालो. २ रुपयांचे महिन्याभरात ५ झाले, नंतर १०. मी वहीत रकाने आखले.

पैसे आले आणि त्यांच्या मागोमाग शंका आल्या. पुणे म्हणाला, "हे यंत्र पानं नीट पिसत नाही. मला एकदाही एक्का येत नाही!" आता बघा, ५२ पानं किती प्रकारे लावता येतात? ५२ गुणिले ५१ गुणिले ५० असं करत करत १ पर्यंत गुणत जा. उत्तर ६८ आकडी येतं! तेवढ्यातला कुठलातरी एक क्रम यंत्र दरवेळी उचलतं. त्याला पुण्याशी काय वैर? हे त्यालाही ठाऊक होतं. चिंचोक्यांवर खेळताना वाईट पानं आली तर तोच सगळ्यांत मोठ्याने हसायचा. आता तो हसत नव्हता.

जानेवारीतली एक रात्र. मी आणि वाळूज एका बाजूला. तीन मेंढ्या आमच्याकडे आल्या होत्या, चौथी बदामाची मेंढी खाली पडली होती आणि माझ्या हातात बदामाचा एक्का! कोट होणार, दुप्पट पैसे मिळणार. तेवढ्यात मळा बाहेर! डाव रद्द.

असं तिसऱ्यांदा होत होतं. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांच्या देखत लिहिलं, "हरायला लागलं की बरोबर रेंज जाते रे तुझी!"

उत्तर आलं नाही. सकाळी पाहिलं तर मळा आमच्या गटातून निघून गेला होता.

आठ दिवस मी स्वतःला समजावत राहिलो की माझंच बरोबर आहे. पण रविवार आला आणि तिघांत मेंढीकोट होतो कुठे! शेवटी संध्याकाळी गाडी काढली आणि मळ्यात गेलो. तो बांधावर बसला होता. "ये," एवढंच म्हणाला. वहिनींनी चहा दिला. विषय कुणीच काढेना.

रात्री दहाच्या सुमारास खांबावरचा दिवा पेटला. तो ताडकन उठला, बॅटरी आणि काठी घेतली. "लाईट आली. मोटार चालू करायला लागंल."

तुमच्यापैकी शेतकऱ्यांच्या मुलांना हे सांगायलाच नको. शेतीपंपाची वीज कधी दिवसा मिळते, कधी रात्री. रात्रपाळी असली की थंडीत, अंधारात जाऊन गव्हाला पाणी द्यायचं. गौताळ्याचं अभयारण्य आमच्याच तालुक्यात, म्हणून बिबट्याची धास्ती वेगळीच. मीही त्याच्या मागे निघालो. विहीर खाली, नदीच्या उतारावर. चालता चालता मी फोन पाहिला. बांधावर तीन काड्या होत्या. अर्ध्या वाटेवर एक राहिली. विहिरीपाशी एकही नाही! मध्ये टेकाड आलं की टॉवरच्या लहरी खोलगट जागेत नीट पोचत नाहीत, हे पुस्तकात मीही वाचलं होतं. पण मित्राला ते लागू करून बघायचं मला सुचलं नव्हतं.

"तू सांगितलं कामून नाही?" मी विचारलं.

मोटारीचा आवाज सुरू झाला. तो म्हणाला, "काय सांगायचं? चिंचोके होते तवा कुनी विचारलंच नव्हतं."

मला मान वर करवेना. "चुकलं माझं," एवढंच कसंबसं बोललो.

परत आलो तर त्याची तिसरीतली मुलगी जागीच होती. तिने फळीवरून डबा काढून माझ्यासमोर ठेवला. "काका, बाबांचे ४१ हायेत. मी रोज मोजते." आम्ही पैशांवर खेळायला लागलो तेव्हा माझा डबा मी केव्हाच ओतून दिला होता!

घरी येऊन वही उघडली. सगळी देणी-घेणी मिळून १४० रुपये. लहानपणापासूनची दोस्ती मी १४० रुपयांना काढली होती! दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे पैसे परत केले आणि गटात सर्वांसमोर मळ्याची माफी मागितली. ज्या जागी बोललो, त्याच जागी माफी मागायला हवी होती ना?

मग नवे नियम ठरले. पैसे कधीच नाहीत. रेंज गेली तर डाव रद्द, कारण विचारायचं नाही. सव्वादहाला खेळ बंद. आणि कोट बसलेल्याने पुढच्या भेटीत सगळ्यांना स्वतःच्या हातची भेळ करून घालायची.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये तर संसदेने कायदाच केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी, मग खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा! २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्याला मान्यता दिली. हजारो रुपये घालवून बसलेल्या घरांसाठी तो कायदा हवाच होता. पण दोस्तांनो, आमचं बिनसलं ते २ रुपयांपासून. म्हणून कुणी "थोडेसेच लावू" म्हणालं, तर माझी वही आठवा.

आमचा रविवारचा डाव अजून चालू आहे. रात्रपाळीची लाईट आली की मळा फोन मुलीच्या हातात देतो आणि मोटारीकडे जातो. आता ती मोठी झाली आहे, आणि बापापेक्षा पक्की खेळते. गेल्या रविवारी तिने माझ्यावर कोट चढवला. माझ्या डब्यात सध्या सहाच चिंचोके आहेत, आणि भेळ करायची पाळी माझी आहे!