माझ्या जुन्या लॅपटॉपमधला पत्ता

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी नवा लॅपटॉप घेतला आणि जुना माझ्या मामेबहिणीला दिला. ती देवासला असते, कॉलेजचं शेवटचं वर्ष. देताना मी अगदी व्यवस्थित दिला, असं मला वाटत होतं. फोटो काढले, सिनेमे काढले, पासवर्ड बदलला. नवीन खातं उघडायचा मात्र कंटाळा केला. माझ्याच खात्याला तिचं नाव दिलं आणि मामाबरोबर पाठवून दिला.

जानेवारीत तिला एका छोट्या कंपनीत घरबसल्या इंटर्नशिप लागली. पहिल्या आठवड्याचं काम तसं साधंच: कंपनीचा प्रोजेक्ट उतरवून घ्यायचा, त्यात एनपीएम इन्स्टॉल चालवायचं आणि वेबसाइट आपल्या मशीनवर उघडून दाखवायची. एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टवाल्यांचा पॅकेज मॅनेजर, 2010 पासूनचा. घरात यादी केली की कोणी तरी दुकानातून सामान आणून देतो ना, तसाच हा. प्रोजेक्टमधली यादी वाचतो आणि लागतील ती पॅकेजेस रजिस्ट्रीमधून आणतो. रजिस्ट्री म्हणजे दुकान. काही सांगितलं नाही तर तो एनपीएमच्या सार्वजनिक रजिस्ट्रीत जातो. दुसरा पत्ता दिलात तर तिकडे जाईल, मग ते दुकान बंद का असेना.

तिचं इन्स्टॉल काही होईना. बराच वेळ नुसतं थांबायचं आणि मग लाल अक्षरं. तिने मला स्क्रीनशॉट पाठवला. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, वर वर पाहिलं आणि लिहिलं, "नोड काढून पुन्हा टाक." तिने टाकलं. झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी परत तेच सांगितलं, वर "नेट बघ तुमचं" हेही. तिसऱ्यांदा तिने माझी वाटच पाहिली नाही, स्वतःच काढून पुन्हा टाकलं.

शनिवारी रात्री मामीचा फोन. "अरे, ती म्हणतेय की सोमवारी त्यांना सांगणार, मला हे जमणार नाही. तीन दिवस झाले, धड जेवत नाहीये. येतोस का जरा?"

रविवारी सकाळच्या बसने देवासला गेलो. मामीने पोहे पुढे ठेवले, पण ही काही खोलीबाहेर येईना. मी आत गेलो तर म्हणाली, "दादा, माझ्या बरोबरच्या सगळ्यांचं पहिल्याच दिवशी झालं. माझंच नाही झालं. मला येतच नाही रे हे."

मी म्हटलं, आधी मशीनलाच विचारू. टर्मिनल उघडून तिलाच टाइप करायला सांगितलं: एनपीएम कॉन्फिग गेट रजिस्ट्री. उत्तर एका ओळीत आलं. तो पत्ता मी ओळखला. मी पूर्वी ज्या कंपनीचं काम घरून करायचो, तिच्या आतल्या रजिस्ट्रीचा. त्यांच्या खासगी नेटवर्कशिवाय तो जगात कुणाला सापडत नाही. आणि तो या लॅपटॉपवर लिहिला होता मी.

मग मी तिचा पहिला स्क्रीनशॉट पुन्हा उघडला. लाल अक्षरांत तोच पत्ता स्पष्ट होता, पुढे "सापडला नाही" असंही. तीन दिवस तो माझ्या फोनमध्ये पडून होता.

"पण मी नोड तीनदा काढलं ना?" ती म्हणाली. प्रश्न बरोबर होता. नोड काढल्याने ही सेटिंग जात नाही, कारण ती नोडबरोबर राहतच नाही. होम फोल्डरमध्ये डॉट एनपीएमआरसी नावाची लपलेली फाइल असते, तिच्यात राहते. मग तिच्याकडून एनपीएम कॉन्फिग लिस्ट चालवून घेतलं. त्यात नुसत्या किमती नसतात, कुठली किंमत कुठल्या फाइलमधून आली तेही असतं. प्रोजेक्टची एक फाइल, वापरणाऱ्याची एक, सगळ्या मशीनसाठी एक, आणि एनपीएमने बरोबर आणलेली एक. जवळचं लांबच्यावर चालतं: प्रोजेक्ट वापरणाऱ्याला हरवतो, वापरणारा मशीनला. कमांडमध्येच काही लिहिलंत तर ते सगळ्यांवर. ती म्हणाली, "म्हणजे आपल्या घरासारखं. आजोबांचा नियम असतो, पण चालतं आईचं." मामी दारातच उभी होती. हसली.

त्याच यादीत आणखी एक ओळ होती, टोकनची. किंमत दिसत नव्हती, एनपीएम ती झाकून "प्रोटेक्टेड" एवढंच लिहितो. पण एनपीएम कॉन्फिग एडिटने फाइल उघडली तर तिथे सगळं उघडं. माझ्या जुन्या नोकरीची किल्ली मी बहिणीला लॅपटॉपबरोबर देऊन टाकली होती! कानकोंडं होऊन जुन्या साहेबांना मेल टाकला. त्यांचं उत्तर आलं की ते टोकन केव्हाच बंद केलंय. नशीब माझं.

दोन्ही ओळी तिनेच पुसल्या. एनपीएम इन्स्टॉल पुन्हा चालवलं आणि मिनिटाभरात पॅकेजेस उतरली. ती काही बोलली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली आणि गार झालेले पोहे उभ्या उभ्याच खाल्ले. मी तिला सॉरी म्हटलं. तीन दिवस तिला वाटत होतं की चूक तिची आहे, हे काही मला परत घेता येणार नव्हतं.

सोमवारी तिने काम दाखवलं. संध्याकाळी तिचा मेसेज: "दादा, तुझ्या नवीन लॅपटॉपवर लिस्ट चालवून बघितलीस?"

नव्हती बघितली. नवीन लॅपटॉप घेतला तेव्हा होम फोल्डर आख्खा उचलून इकडे टाकला होता. ऑफिसच्या प्रोजेक्टमध्ये उभं राहून लिस्ट चालवली, तर तोच जुना पत्ता. पुढे शेरा, की प्रोजेक्टच्या फाइलने हा बाजूला सारलाय. आमच्या प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःची फाइल आहे, म्हणून इतके महिने माझं काही अडलं नाही. मी पुसलं आणि तिला तसं कळवलं.

तिने लगेच लिहिलं, "टोकन पण बघ. असणारच."

होतं.