भडंगाच्या हाताने अंक धरू नये

सांगलीतल्या आमच्या मंडळाला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती आणि नियम एकच होता: भडंग खाल्लेल्या हाताने अंकाला शिवायचं नाही. अंक म्हणजे ‘स्पेसफ्लाइट’, ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीचं मासिक. मास्तरांचा भाचा विलायतेत नोकरीला होता. त्याचे वाचून झालेले पाच-सहा अंक तो सुतळीने बांधून बोटीच्या टपालाने पाठवायचा. गठ्ठा हातात पडेपर्यंत त्यातले अंतराळवीर वर जाऊन, खाली येऊन, हारतुरे घेऊन घरी गेलेले असत. आणि आम्ही हरभट रोडवरच्या एका दुकानाच्या माळ्यावर बसून त्यांचं कसं होणार, यावर आवाज चढवत असू.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो १९८१ चा पावसाळा. कॉलेजात होतो. आदल्या वर्षी, १८ जुलैला, आपल्या एसएलव्ही-३ अग्निबाणाने रोहिणी उपग्रह वर नेला होता. ३५ किलोंचा तो उपग्रह जणू माझ्याच खांद्यावरून गेला, अशा ताठ्यात मी तेव्हा वावरत असे. माळ्यावर चौघे होते. हायस्कुलात गणित शिकवणारे मास्तर, टेलिफोन खात्यातले एक गृहस्थ, ज्यांना रेडिओ उघडून ठेवायचा नाद होता आणि मिटवायचा नव्हता, दुकानाचे मालक, जे फक्त चित्रं बघत, आणि वकीलसाहेब. त्यांना अवकाशात काडीचा रस नव्हता, उलटतपासणीत होता.

मला वाटलं होतं, इथे चंद्र-मंगळाच्या गप्पा होतील. मास्तरांनी अंक उघडला तो मागून. शेवटाकडच्या पानांवर उपग्रहांचे तक्ते असत: नाव, तारीख, आवर्तकाल, कल, सर्वांत कमी उंची, सर्वांत जास्त उंची. बारीक टाइप, नुसते आकडे. मी तोंड वाकडं केलं असावं. मास्तर म्हणाले, “लेखात लिहिणाऱ्याचं मत असतं. तक्ता कुणाच्या बापाचा नसतो.”

जुन्या गठ्ठ्यातल्या एका तक्त्यात आमची रोहिणी सापडली. उंची ३०५ ते ९१९ किलोमीटर, कल ४४.७ अंश, एका फेरीला सुमारे ९७ मिनिटं. तो अंक मी घरी नेला. (हात धुऊन. मास्तरांनी ते पाहिलं, मगच दिला.) रात्री लॉग टेबल घेऊन बसलो. केप्लरचा तिसरा नियम पाठ होता: आवर्तकालाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात. मग चंद्रावरून कोणत्याही उपग्रहाचा हिशेब निघायला हवा. चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर, फेरी २७.३ दिवसांची. पृथ्वीच्या ६३७८ किलोमीटर त्रिज्येत ३०५ मिळवले, गुणोत्तर काढलं, लॉगची दीडपट केली. उत्तर आलं ९० मिनिटं.

पुन्हा केलं. पुन्हा ९०. विलायतेतल्या मासिकाची सात मिनिटांची चूक सांगलीत सापडली! ज्या संस्थेचे आर्थर क्लार्क दोनदा अध्यक्ष झाले, ज्या मासिकाचे पहिले संपादक पॅट्रिक मूर, त्यांची चूक. झोप कसली लागते? सकाळी पोस्टात जाऊन निळं हवाईपत्र आणलं आणि होतं नव्हतं तेवढं इंग्रजी त्यात ओतलं. चिकटवण्याआधी मास्तरांना दाखवावं, एवढी बुद्धी मात्र झाली.

मास्तरांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं. व्याकरणाची एक चूक पेन्सिलीने दुरुस्त केली. मग विचारलं, “ही ३०५ उंची कुणाची?”

“उपग्रहाची.”

“कधीची?”

त्या ‘कधीची’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्तुळच गृहीत धरलं होतं मी. उपग्रह लंबवर्तुळात फिरतो, ३०५ वर तो फेरीत एकदाच येतो, आणि हिशेबात घ्यायची ती सरासरी, हे शाळेतच शिकून विसरलो होतो. ३०५ आणि ९१९ ची सरासरी ६१२. त्रिज्या धरून ६९९०. तिथेच, पाठकोऱ्या कागदावर, पुन्हा मांडलं. साडेशहाण्णव मिनिटं.

दुकानमालकांनी समाधानाने भडंगाची पुडी सोडली. वकीलसाहेब मात्र म्हणाले, “तक्त्यात ९७ आहे. अर्धं मिनिट कुठे गेलं?”

मास्तर गप्प झाले. पुढचे सात दिवस मी मनातल्या मनात हवाईपत्राचा नवा मसुदा रचत होतो. रविवारी मास्तर आले ते जिना चढतानाच बोलू लागले. चंद्राला आपण हिशेबात हलका धरला होता. तो हलका नाही, पृथ्वीच्या एक्याऐंशीव्या हिश्श्याएवढा आहे आणि तोही पृथ्वीला ओढतो. म्हणून त्या अंतरावरचा एखादा खडा जेवढा वेळ घेईल, त्याहून चंद्राची फेरी थोडी लवकर होते. शंभर मिनिटांमागे अर्ध्या मिनिटाहून जरासा जास्त फरक. तो घातला, ९७ आले. वकीलसाहेबांनी मान डोलावली. मी त्यांना मान डोलावताना पाहिलं ते तेवढ्या वेळीच.

मग कल, म्हणजे उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी करते तो कोन. रोहिणी जिथून सुटली ते श्रीहरिकोटा साधारण १३.७ अंश अक्षांशावर आहे. तिथून सरळ पूर्वेला सोडलं असतं तर कल तेवढाच आला असता. ४४.७ म्हणजे अग्निबाण एक तर ईशान्येला गेला नाहीतर आग्नेयेला. ईशान्येला ब्रह्मदेश. म्हणजे आग्नेय, खुला समुद्र. आम्ही कुणी श्रीहरिकोटा पाहिलं नव्हतं, तरी उड्डाण कुठल्या बाजूला झालं ते माळ्यावर बसून कळलं.

ही विद्या मास्तरांनी उचलली होती एका इंग्रज मास्तरांकडून. केटरिंगच्या ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी पदार्थविज्ञान शिकवत. सहकारी डेरेक स्लेटर आणि शाळेतली मुलं यांच्यासह ते सोव्हिएत उपग्रहांचे रेडिओ संकेत ऐकत आणि वेळा टिपून ठेवत. १९६६ च्या मार्चमध्ये कॉसमॉस-११२ नेहमीच्या कलांना सोडून ७२ अंशांवर गेला. त्या वर्षीच्या आणखी उड्डाणांच्या वाटा मागे मागे नेल्यावर त्या बैकोनूरच्या उड्डाणतळाला मिळेनात. त्या एकमेकींना छेदत होत्या उत्तर रशियात, प्लेसेत्स्कजवळ. सोव्हिएत संघाने जगापासून लपवलेला उड्डाणतळ एका शाळेने जाहीर केला.

हे सांगताना मास्तरांनी शाळेतून आणलेला पृथ्वीगोल पुढे ओढला, पांढऱ्या दोऱ्याचे दोन तुकडे तोडले, एक ७२ अंशांचा, एक ६५ अंशांचा, आणि ताणून धरले. दोरा घसरायचा. टेलिफोनवाल्यांनी सायबेरियावर बोट दाबून धरलं, मी ग्रीनलंडवर. जिथे दोरे एकमेकांवरून गेले तिथे मास्तरांनी टाचणी टोचली. दुसरी टोचली बैकोनूरला, फरक दिसावा म्हणून.

असंच सगळं चालत असे म्हणावं, तर नाही. पुष्कळ रविवार नुसत्या भांडणात गेले. याच सोसायटीच्या मंडळींनी १९७३ ते १९७८ अशी पाच वर्षं खपून ताऱ्यापर्यंत जाणाऱ्या ‘डेडलस’ नावाच्या यानाचा आराखडा केला होता. ५४ हजार टन वजन, बर्नार्डच्या ताऱ्याला पोचायला ५० वर्षं, इंधनातलं हेलियम-३ गुरू ग्रहावरून आणायचं. वकीलसाहेबांनी विचारलं, “ते टेंडर कुणाला मिळालं?” मास्तर तेव्हा खरोखरच चिडले. १९३३ साली लिव्हरपूलला ही सोसायटी निघाली, तेव्हा १८७५ च्या स्फोटकांच्या कायद्यामुळे त्यांना साधा अग्निबाणही उडवता येत नव्हता, म्हणाले. मग कागदावर तरी उडवायचा नाही का? त्यांनी युद्धाआधीच कागदावर चंद्रयान केलं! वकीलसाहेब म्हणाले, कायदा त्यांना ठाऊक आहे. माझं मत वकीलसाहेबांच्या बाजूचं होतं, अजूनही आहे, पण तेव्हा बोललो नाही.

१९८३ मध्ये सोव्हिएत वर्तमानपत्रात प्लेसेत्स्कचं नाव पहिल्यांदा छापून आलं. आमच्याकडे ते कळलं अर्थात बोटीच्या वेगाने. दुकानमालक म्हणाले, आता सगळ्यांनाच ठाऊक झालं, टाचण्या काढून गोल शाळेत देऊन टाका. मास्तरांनी गोल फिरवून पाहिला.

“काढल्या तर भोकं दिसतील,” म्हणाले, आणि गोल पुन्हा कपाटावर ठेवला. शाळेला तो परत गेलाच नाही.