शेताचे स्थानिक नाव

पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्याने संशोधन केले आणि ते परिषदेत मांडले, असे म्हटले की प्राध्यापकांच्या खोलीत एक विशिष्ट हसू उमटते. त्यात थोडे कौतुक असते आणि बराचसा अविश्वास. हा अविश्वास अगदीच निराधार आहे असे आम्हांला म्हणवत नाही. महाराष्ट्रातील विद्यापीठांचे 'आविष्कार' हे संशोधन अधिवेशन कुलपतींच्या पुढाकाराने २००६ साली सुरू झाले. पदवीच्या विद्यार्थ्यांना त्यात जागा आहे, मानव्यविद्या, भाषा आणि ललितकला यांचा गटही आहे. भित्तिपत्रक लावावे, त्यापुढे उभे राहावे आणि परीक्षकांना काही मिनिटांत आपले म्हणणे सांगावे, अशी ही रीत. विज्ञानाच्या मुलाजवळ निदान बाटलीत भरून आणलेले नदीचे पाणी असते. मराठीचा विद्यार्थी मात्र बहुधा 'संत तुकारामांचे सामाजिक विचार' घेऊन येतो, आणि त्या मजकुरात त्याचे स्वतःचे असे केवळ वरचे नाव असते.

त्यात २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली आणि चर्चासत्रांचे पीक आले. अध्यापकांना प्रमाणपत्रे हवी होती. विद्यार्थ्यांनाही ती देता येतात हे मग सगळ्यांच्याच ध्यानात आले. आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि अशा अनेक सत्रांच्या मागच्या बाकांवर बसलो आहोत. तेव्हा पुढे जे सांगायचे आहे ते या सगळ्या प्रकाराविषयी भाबडेपणा बाळगून सांगत नाही, हे आधीच नमूद केलेले बरे.

भिवंडी तालुक्यातले वडपे हे नाव वाचकांनी वर्तमानपत्रात पाहिले असेल. 'माजिवडा ते वडपे', 'वडपे ते गोंदे' अशा जोडनावांत ते येते, म्हणजे रस्त्याच्या एखाद्या टप्प्याचे टोक म्हणून. गाव म्हणून ते क्वचितच छापले जाते. मुंबई-नाशिक महामार्गाच्या या पट्ट्यात गोदामे आली ती मुंबईच्या जकातीपासून सुटका म्हणून. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात संपली, पण गोदामे कमी न होता वाढत गेली. जिथे राब भाजला जात होता, आवण उपटून मुठी बांधल्या जात होत्या, तिथे निळ्या पत्र्यांची छपरे आहेत. या गावची, आगरी घरातली एक मुलगी २०१९ साली आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गात होती.

बोलीवरच्या घटकासाठी तिने शेतीच्या शब्दांचा संग्रह करून आणला. राब, आवण, चिखलणी, वरकस, उडवी हे शब्द इतरांच्याही वह्यांत होते. तिच्या वहीत शेवटी, जणू पान उरले म्हणून, आजीने सांगितलेली शेतांची एक्केचाळीस नावे होती. त्यांतली निम्म्याहून अधिक शेते आता गोदामांखाली आहेत, असे ती सहज म्हणाली. आम्ही तिला सातबारा पाहायला सांगितले, ते केवळ मालकीची खातरजमा करण्यासाठी. ती उतारे घेऊन आली आणि आम्हांला एक रकाना दाखवू लागली. गाव नमुना सातमध्ये 'शेताचे स्थानिक नाव' अशी एक जागा असते. आम्हीही घरचे उतारे वर्षानुवर्षे हाताळले आहेत, परंतु तो रकाना आहे हे आमच्या गावी नव्हते! तिने पाहिलेल्या जवळजवळ सर्व उताऱ्यांत तो कोरा होता. शासनाने जागा राखून ठेवलेली, आणि त्या जागी लिहायचे ते एका निरक्षर बाईच्या तोंडी. विषय तिथेच ठरला, शीर्षकही.

खरा पेच पुढे होता आणि तो भाषेचा होता. आगरीत ळ चा ल होतो, ण चा न होतो, होडीची होरी होते. 'शेतात' या अर्थी 'शेतान' म्हणतात. मुलीने सगळी नावे सुधारून आणली. 'सुधारून' हा तिचाच शब्द. परिषदेत शुद्धच बोलायला हवे ना मॅडम, असे तिने विचारले, आणि आमच्या दोघींत मतभेद झाला. एकीचे म्हणणे, निवेदन प्रमाण मराठीतच असावे, कारण शास्त्राची भाषा सर्वांची असते. नावे तेवढी जशीच्या तशी द्यावीत. दुसरीचे म्हणणे, नाव आगरीत आणि त्याचे विवरण प्रमाणभाषेत असे केले की नाव काचेच्या कपाटात जाऊन बसते. वाद मिटला असे नाही. मुलीने पहिला मार्ग धरला, कारण वेळ आठ मिनिटांचा होता.

ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ सालचा. त्यात आगरीची दखल आहे. पण त्या सर्वेक्षणाची पद्धत अशी, की बायबलातील उधळ्या पुत्राची एकच गोष्ट प्रत्येक बोलीत सांगवून घ्यायची. तुलनेसाठी ती उत्तमच. परंतु ज्या बोलीत माणसे रोज शेतावर जातात, तिच्यात शेताला काय म्हणतात हे त्या गोष्टीतून कळणार नाही. ते घरात शिरूनच विचारावे लागते, आणि पदवीचा विद्यार्थी अजून घरातच राहत असतो. पुढे एम. ए., मग पीएच. डी., असे करीत तो ग्रंथालयाच्या जवळ आणि आजीपासून दूर जातो. पदवीच्या विद्यार्थ्याचा वाचनाचा तोटा आम्हांला रोज दिसतो. हा लाभ मात्र आम्ही कधी हिशेबात धरला नव्हता.

चर्चासत्र राज्यस्तरीय होते, डिसेंबरात, एका महाविद्यालयाच्या सभागृहात. विद्यार्थ्यांचे सत्र जेवणानंतर ठेवले होते, आणि जेवण लांबले होते. मुलगी बोलली बरी. हात थरथरत होता, आवाज नव्हता. अध्यक्षांनी सहाव्या मिनिटाला घंटी वाजवली. पहिला प्रश्न आला तो असा, की संदर्भसूचीत आजीचे नाव कसे काय घातले? सभागृहात हशा पिकला. मुलीने शांतपणे सांगितले की माहिती त्यांनी दिली आहे. आम्हांला वाटले, झाले, आता बसेल. तेवढ्यात मागून एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "ही नावं बायका आणि पुरुष सारखीच सांगतात का?"

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "विचारलं नाही, सर. विचारून सांगते."

त्या सत्रात एकूण अकरा निबंध वाचले गेले. 'विचारून सांगते' असे एकाही प्रौढ वक्त्याच्या तोंडून त्या दिवशी ऐकू आले नाही. पारितोषिक दुसऱ्या कुणाला मिळाले, आणि ते योग्य होते.

परिषदेचे प्रयोजन काय, असे आम्हांला आता कुणी विचारले तर आम्ही त्या अनोळखी गृहस्थांचा प्रश्न सांगतो. आम्हां दोघींना तो सुचला नसता, कारण त्या यादीवर आमचे प्रेम बसले होते. १९१० साली इतिहासाचार्य राजवाडे आदींनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले, तेव्हाही हाती आलेला कागद सभेत वाचावा आणि चार जाणत्यांच्या हरकती ऐकाव्यात हेच चालले होते. राजवाड्यांची पदवी बी. ए. एवढीच होती, हे आम्ही वर्गात आवर्जून सांगतो.

फेब्रुवारीत मुलगी पुन्हा गावात हिंडली. पुरुषांनी सांगितलेली नावे बहुधा मालकावरून होती: अमक्याचा तुकडा, तमक्याचे वाटणीचे. बायकांची नावे कामावरून होती. कुठे पाणी तुंबते, कुठे न्याहारीला सावली मिळते, कुठे चिखल गुडघ्यापर्यंत येतो. पुरुष ज्याला पाटलाचा तुकडा म्हणत, त्याच खाचराला तिची आजी आणि शेजारीण 'जलवाचा' म्हणत. लावणीला तिथे वाकून उभे राहिले की पायांना जळवा लागत. लावणी बायकांची, जळवा बायकांच्या पायांना, म्हणून नावही बायकांपुरतेच. नांगर धरणाऱ्याला ते ठाऊकसुद्धा नव्हते. सातबाऱ्याचा रकाना भरायचा ठरवला असता, तर यांतले कोणते नाव लिहिले गेले असते, हे सांगायला नको.

यादी आता अठ्ठावन्न नावांची आहे. सहा नावांची जागा सापडत नाही. पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभे राहून आजीला दिशा लागत नाही, बांध गेले की तिच्या खुणा जातात.

नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची संशोधनासह ऑनर्स पदवी आली आहे. आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना ती खुली आहे. आमच्या मुलीला एकसष्ट टक्के होते. ती एम. ए.ला आली नाही. महामार्गालगतच्या एका गोदामात आवक-जावक नोंदवण्याचे काम करते. मध्यंतरी तिचा फोन आला होता. लावणीला पूर्वी कातकरी बायकाही मजुरीने येत, त्यांची शेतांना वेगळी नावे असतील का, असे तिला वाटू लागले आहे. त्यांतल्या दोघी जवळच्याच पाड्यावर राहतात. रविवारी जाऊन विचारते, म्हणाली.