गास्क, गाणी आणि भांड्यांची पाळी

उप्साला शहराच्या पश्चिमेला फ्लोग्स्ता नावाची विद्यार्थ्यांची वसाहत आहे. तिथं रात्रीचे दहा वाजले की मुलं खिडक्या उघडून ओरडतात. शब्द नसतात, चाल नसते, नुसती आरोळी. एका इमारतीतून निघते, समोरच्या इमारतीतून तिला उत्तर जातं, आणि दोन-चार मिनिटांत सगळं पुन्हा चिडीचूप. ही पद्धत कुणी पाडली याच्या कहाण्या प्रत्येक मजल्यावर वेगळ्या. कुणी परीक्षेच्या ताणाचं नाव घेतं, कुणी हिवाळ्याचं. मला सगळ्यात पटलं ते माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलाचं उत्तर. का ओरडायचं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "दहा वाजले म्हणून."

मी कोल्हापूरहून भूशास्त्राच्या एम.एस्सी.साठी स्वीडनला गेले होते. उप्सालाचं विद्यापीठ १४७७ सालचं, नॉर्डिक देशांमधलं सर्वांत जुनं. पृष्ठभागाखाली किती थर आहेत ते बघण्याची आम्हा भूशास्त्रवाल्यांना सवय असते, पण इथं थर मोजायला खणावं लागत नाही. वेळापत्रकात नुसतं १० लिहिलेलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, कारण पूर्वी घड्याळं नव्हती तेव्हा घंटा ऐकून वर्गापर्यंत चालत यायला पाव तास द्यायचे. आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहे, पण पाव तास शाबूत. संध्याकाळी सहानंतरच्या कार्यक्रमांना तर दुप्पट, म्हणजे अर्ध्या तासाची सवलत. शिस्तीचा देश म्हणून ऐकून गेलेल्या मला हे फार आवडलं.

पण खरी परंपरा वर्गात नाही, ती 'नेशन'मध्ये आहे. उप्सालात तेरा नेशन आहेत. नेशन म्हणजे एकेका प्रांताच्या विद्यार्थ्यांनी सतराव्या शतकात स्थापन केलेलं मंडळ. गोटलंड बेटावरून आलेल्यांचं एक, वेर्मलंडच्या जंगलातून आलेल्यांचं दुसरं, स्मोलंडचं तिसरं. गाव सोडून आलेल्या पोराला आपल्या बोलीत बोलणारं माणूस, आजारपणात पेज देणारं कुणी आणि मेल्यावर खांदा देणारं कुणी हवं, एवढ्यासाठी हे सुरू झालं. आज कुणीही कुठल्याही नेशनमध्ये जाऊ शकतं. मी माझं निवडलं ते इतिहास वाचून नव्हे. ते माझ्या सायकलच्या वाटेवर होतं आणि तिथलं दुपारचं जेवण स्वस्त होतं.

कोल्हापूरच्या माणसाला ही कल्पना परकी वाटत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, त्याच काळात जैन बोर्डिंग निघालं, पुढं मिस क्लार्क बोर्डिंग आणि आणखी कितीतरी. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाला शहरात दोन वेळचं जेवण आणि पाठ टेकायला जागा मिळावी, हाच हेतू. माझे आजोबा अशाच एका बोर्डिंगात राहून शिकले. फरक एवढाच की आपली बोर्डिंगं राजानं आणि समाजातल्या कर्त्या लोकांनी उभारली. उप्सालाची नेशन मात्र पोरांनी स्वतः, वरच्यांचा विरोध असताना उभारली. विद्यापीठानं आधी त्यांच्यावर बंदी घातली. ती टिकेना तेव्हा त्यांना मान्यता दिली, वर प्राध्यापक देखरेखीला नेमले आणि सभासदत्व सक्तीचं केलं. ती सक्ती थेट २०१० साली उठली.

बंदीला कारणही होतं. जुने विद्यार्थी नव्यांना छळायचे. त्या काळी विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्या मुलाला डोक्याला शिंगं आणि तोंडात सुळे बांधून उभं करत, आणि मग ती शिंगं कापून, सुळे उपटून तो आता जनावराचा माणूस झाला असं जाहीर करत. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं नाही. रॅगिंग आम्हाला नवं नाही. महाराष्ट्रानं त्याविरुद्ध १९९९ साली कायदा केला तो उगीच नव्हे. शिंगं गेली, पण नव्यांचं स्वागत करायची रीत राहिली. आता दर सत्राच्या सुरुवातीला नव्या सभासदांना रीतसर मेजवानी देतात आणि जुने लोक त्यांना वाढतात. चारशे वर्षांत एखादी चाल इतकी सुधारू शकते, हे मला त्या शहरातल्या कुठल्याही दगडी इमारतीपेक्षा मोठं वाटतं.

या मेजवानीला 'गास्क' म्हणतात. तीन पदार्थांचं जेवण, मधेमधे भाषणं आणि अखंड गाणी. निमंत्रणावर पोशाख लिहिलेला असतो. काही गास्कना पुरुषांनी काळा फ्रॅक, म्हणजे मागं शेपट्या असलेला कोट, आणि पांढरा बो, बायकांनी पायघोळ गाऊन. माझ्याकडे गाऊन नव्हता आणि विकत घ्यायची ऐपतही नव्हती. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०११पासून स्वीडनमध्ये शुल्क भरावं लागतं आणि माझं शुल्क बँकेच्या कर्जातून जात होतं. मग कळलं की देशी पोशाख, मग तो कुठल्याही देशाचा असो, फ्रॅकच्या बरोबरीचा मानतात. मी आईची इरकल नेसले. आत लोकरीचे पायमोजे आणि थर्मल, वरून पदर. टेबलावर माझ्यासमोर बसलेली मुलगी दालार्नाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या परकरात होती. आम्ही दोघी एकमेकींच्या काठांकडे बघत राहिलो.

गास्कचे नियम बरेच आहेत आणि ते कुणी सांगत नाही, शेजारच्याकडे बघून शिकायचे. गाणं संपलं की प्याला उचलायचा, शेजाऱ्यांच्या आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, प्यायचं, पुन्हा बघायचं, मग प्याला खाली. मी पीत नाही. माझ्या इवल्या प्याल्यात पाणी होतं आणि त्याबद्दल कुणी भुवई उंचावली नाही. मधल्या सुटीची घोषणा होईपर्यंत उठायचं नसतं, लघवीलासुद्धा. इरकल, थर्मल आणि दोन ग्लास पाणी घेतलेल्या माणसाला हा नियम जरा जाचतो. प्रत्येकाकडे नेशनचं गाण्यांचं पुस्तक असतं. मालक उठून गेला की आजूबाजूचे त्याच्या पुस्तकात काहीबाही लिहून ठेवतात, चिमटे, आशीर्वाद, फोन नंबर. शेवटचं गाणं खुर्चीवर उभं राहून म्हणायचं आणि ते झालं की पुन्हा बसायचं नाही. जेवण संपलं.

इथंच थांबले तर तुम्हाला वाटेल, परदेशी विद्यापीठाच्या परंपरा म्हणजे मेणबत्त्या आणि फ्रॅक. मलाही पहिल्या महिन्यात तेवढंच दिसत होतं. दुसरी बाजू दिसली ती स्वयंपाकघरात शिरल्यावर.

नेशन चालवतात ते विद्यार्थी. नोकर नाहीत म्हटलं तरी चालेल. 'कुरातोर' हा निवडून आलेला विद्यार्थी, अभ्यास बाजूला ठेवून पूर्णवेळ हेच काम करतो. मुदपाकखान्याची प्रमुख दुसरी विद्यार्थिनी, हिशेब तिसऱ्याकडे, ग्रंथालय चौथीकडे. बाकी सगळे पाळीनं येतात. शंभर-दीडशे माणसांचं तीन पदार्थांचं जेवण वीस-बावीस वर्षांची पोरं रांधतात, वाढतात आणि मध्यरात्री फरशी पुसतात. तासाला थोडे पैसे मिळतात. खरा मोबदला म्हणजे सत्राच्या शेवटी राबणाऱ्यांसाठी फुकट गास्क, ज्यात स्वयंपाक दुसरे करतात.

मी भांड्यांच्या पाळीला नाव घातलं, कारण तिथं स्वीडिश येण्याची गरज नसते. भांडी धुण्याचं मोठं मशीन असतं, ट्रे सरकवायचा, दार ओढायचं, वाफ अंगावर घ्यायची, पुढचा ट्रे. डिसेंबरात उप्सालात पावणेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो आणि बाहेर बर्फाचा चिखल असतो. त्या दिवसांत गावातली सर्वांत उबदार जागा म्हणजे ते वाफेचं मशीन. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं कर्ज काढून भांडी घासायला गेलीस व्हय गं? घरात कधी कप तरी विसळलास का?" तिचं बरोबरच होतं. तिला हेही सांगितलं की माझ्या शेजारी ट्रे पुसणारा मुलगा स्वीडनमधल्या बड्या वकिलाचा होता आणि त्याला पातेलं घासता येत नव्हतं. यावर मात्र ती खूश झाली.

एका पाळीत शेजारी उभं राहून कांदे चिरले की जी ओळख होते ती वर्गात अख्ख्या सत्रात झाली नव्हती. स्वीडिश माणूस बोलायला वेळ घेतो, बसमध्ये शेजारची सीट रिकामी असेल तर त्याला बरं वाटतं. पण त्याच्या हातात काम द्या, तो बोलायला लागतो. माझ्या तिथल्या सगळ्या मैत्री मोरीजवळ झाल्या.

सगळं गोड नव्हतं, हेही सांगायला हवं. गाणी स्वीडिशमध्ये, विनोद त्याहून स्वीडिशमध्ये. नेशनच्या सभेत ठराव मांडले जात आणि मी हात वर करावा की नाही हे शेजारणीच्या तोंडाकडे बघून ठरवायची. पदाधिकारी व्हायचं तर भाषा लागते, आणि दोन वर्षांच्या एम.एस्सी.त ती तेवढी येत नाही. त्यामुळं परदेशी मुलं भांड्यांपाशी जास्त आणि व्यासपीठावर कमी दिसतात. दारूभोवती फिरणारं सामाजिक आयुष्य न पिणाऱ्याला दमवतं. आणि राहायच्या खोलीसाठीची रांग इतकी लांब, की पहिलं सत्र मी एका कॉरिडॉरमध्ये दुसऱ्याची खोली भाड्यानं घेऊन काढलं. बारा खोल्यांना एक स्वयंपाकघर आणि फ्रिजमधल्या दह्यावरून चिठ्ठ्यांचं युद्ध. परंपरा कितीही थोर असोत, दही चोरणारा तिथंही असतो.

विद्यापीठाच्या रीतींपैकी मला सर्वांत आवडलेली रीत मात्र मेजवानीची नाही, खिळ्याची आहे. पीएच.डी.चा प्रबंध छापून आला की त्याला वरच्या कोपऱ्यात भोक पाडतात आणि विद्यार्थी स्वतःच्या हातानं तो फळीवर खिळ्यानं ठोकतो. जाहीर चर्चेच्या किमान तीन आठवडे आधी हे करायचं असतं, म्हणजे कुणालाही तो वाचून प्रश्न घेऊन येता यावं. आता प्रबंध इंटरनेटवरही चढतो, पण खिळा चुकत नाही. आमच्या विभागातल्या एका सीनियरनं ठोकला तेव्हा आम्ही सगळे कॉफीचे कप घेऊन भोवती उभे होतो. पहिला घाव तिच्या अंगठ्यावर बसला, टाळ्या तेव्हाच पडल्या. पुढं चर्चेच्या दिवशी बाहेरच्या विद्यापीठातून आलेला 'विरोधक' समोर बसतो आणि तासन्‌तास उलटतपासणी करतो. पूर्वी तीन विरोधक असत आणि तिसऱ्याचं काम प्रबंधाची थट्टा करायचं असे. ही तिसरी जागा रद्द केली, हे मला विद्यापीठाचं नुकसान वाटतं. आपल्याकडच्या कित्येक प्रबंधांना तिसरा विरोधक लाभायला हवा होता.

पदवीदान समारंभात तोफा उडतात, विज्ञान आणि कलाशाखेच्या नव्या डॉक्टरांच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ चढते, इतर काही शाखांना उंच टोपी मिळते. उन्हाळ्याआधीच्या समारंभात पन्नास वर्षांपूर्वी डॉक्टर झालेल्यांनाही बोलावून गौरवतात. काठी टेकत येणारे ते म्हातारे आणि त्यांच्यामागून येणारी तिशीतली मुलं, हे दृश्य बघायला गावातली माणसंही येतात.

आणि एप्रिलची तीस तारीख. तिथल्या मुलांना वर्षाचा हिशेब या दिवसापासून आठवतो. सकाळी फ्युरिस नदीवर विद्यार्थ्यांनी लाकूड-थर्माकोलचे केलेले तराफे बांधावरच्या उतारावरून खाली सोडतात. ही शर्यत १९७५पासूनची, आणि गंमत तरंगण्यात नाही, फुटण्यात आहे. पाणी नुकतंच वितळलेलं, तरी कुणी ओरडून बाहेर येत नाही, हसत येतं. दुपारी नेशनमध्ये खारवलेल्या हेरिंग माशाचं जेवण. तीन वाजता कारोलिना रेदिविवा ग्रंथालयाच्या सज्जात कुलगुरू येतात आणि पांढरी टोपी हलवतात. खाली उतारावर उभ्या हजारो लोकांच्या हातात तशाच टोप्या असतात, त्या एकाच वेळी डोक्यावर चढतात. वसंत आला, हे जाहीर झालं. कधीकधी त्याच क्षणी बर्फ पडत असतो. त्यानं काही बिघडत नाही. रात्री नऊला किल्ल्याजवळची गुनिल्ला घंटा वाजते, वसंताचं स्वागत करणारं भाषण होतं, आणि शहराबाहेरच्या जुन्या उप्सालाच्या टेकाडांपाशी होळी पेटते. आपल्या होळीनंतर महिना-दोन महिन्यांनी.

मी तो दिवस पहिल्या वर्षी टोपीवाल्यांच्या गर्दीत काढला. दुसऱ्या वर्षी सकाळी सातपासून स्वयंपाकघरात हेरिंगच्या ताटल्या लावत होते, संध्याकाळी रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये भरत होते. कुलगुरूंची टोपी मला दिसलीच नाही. दुसरं वर्षच चांगलं गेलं.

उप्सालाला निघालेल्या मराठी मुलामुलींना माझं सांगणं थोडकं आहे. पहिल्याच आठवड्यात नेशनचं कार्ड काढा आणि त्याच दिवशी पाळीच्या यादीत नाव घाला. भाषा येत नसेल तर भांड्यांना, थोडी येत असेल तर वाढपाला. जाड कोटासाठी बॅगेत जागा अडवू नका, तो तिथं जुना आणि स्वस्त मिळतो. त्या जागेत एक चांगली साडी किंवा झब्बा आणि फेटा न्या. फ्रॅक भाड्यानं घ्यायला पैसे पडतात.