साडेसहाचा गजर

गुरुवारी चाकणच्या मेदनकरवाडीतून चालायचं तर वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून जावं लागतं. आमच्या औद्योगिक पट्ट्याची सुट्टी गुरुवारची. एकेका खोलीत चौघे-पाचजण कॉट बेसिसवर राहणारी पोरं त्या दिवशी आठवड्याचे युनिफॉर्म पिळून काढतात, केस कापून येतात, किराणा भरतात आणि मग जिन्याच्या पायरीवर बसून घरी व्हिडिओ कॉल लावतात. कोण बीडचा, कोण यवतमाळचा, कोण थेट बिहारचा. वय अठरा ते बावीस. आईला काय दिसू द्यायचं आणि मोबाइल कुठल्या कोनात धरायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

हेच वय, अशीच धुणी आणि आठवड्यातला असाच एक फोन आणखी एका जमातीच्या नशिबी असतो. ती पोरं कामाला नाही, देवासाठी घर सोडतात. न्यूयॉर्क राज्यात 1830 साली स्थापन झालेल्या आणि पुढे युटाच्या वाळवंटात जाऊन वसलेल्या मॉर्मन पंथात मुलगा अठरा वर्षांचा झाला की दोन वर्षं धर्मप्रचाराला जातो. सक्ती नाही, पण घरातले, शेजारचे, चर्चमधले सगळे विचारत राहतात, की कधी निघतोस? कुठल्या देशात जायचं हे तो ठरवत नाही, चर्च कळवतं. पगार नाही. खर्च स्वतःच्या साठवलेल्या पैशातून, नाहीतर आईबापांच्या. अंगात पांढरा शर्ट, गळ्यात टाय, छातीवर काळा बिल्ला आणि त्यावर आडनाव. सकाळी साडेसहाला उठायचं, प्रार्थना, धर्मग्रंथाचं वाचन, ज्या मुलखात आलो तिथल्या भाषेचा अभ्यास, मग दिवसभर दारोदार. रात्री साडेदहाला दिवा बंद. फेब्रुवारी 2019 पर्यंत तर घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच असे, नाताळला आणि मदर्स डेला. आता दर आठवड्याला करता येतो.

सगळ्यात अवघड मला वाटतो तो जोडीदाराचा नियम. हे मिशनरी कायम जोडीनं राहतात, एकट्यानं बाहेर पडायचं नाही. जोडीदार आपण निवडायचा नाही आणि तो कधी बदलेल तेही आपल्या हातात नाही. त्याचं घोरणं, त्याची चिडचिड, त्याची नको इतकी उत्साही प्रार्थना, सगळं चोवीस तास सोबत. आपल्याकडच्या पोरांना निदान शिफ्टचा आधार असतो. एक सेकंडला गेला की दुसऱ्याला खोली मोकळी मिळते. देवावर विश्वास ठेवणं त्या मानानं सोपं असावं. देव रूम पार्टनर नसतो.

या पंथाचा माणूस आपल्या बाजूला पहिल्यांदा आला त्याला आता पावणेदोनशे वर्षं होत आली. ह्यू फिंडले हा स्कॉटिश मिशनरी 1852 च्या सप्टेंबरात मुंबईला उतरला. दैव असं, की त्याच्या आदल्याच महिन्यात युटातल्या सॉल्ट लेक सिटीमध्ये चर्चनं बहुपत्नीत्वाची प्रथा जाहीरपणे मान्य केली होती. ती बातमी समुद्र ओलांडून आली आणि मग गोरा समाज, पाद्री, वर्तमानपत्रं सगळेच त्याच्यावर तुटून पडले. आपण कशाची बाजू मांडतोय हे त्यालाच बातमीच्या मागोमाग कळत गेलं असणार! मुंबईत जम बसेना म्हणून तो पुण्याकडे वळला. पुण्याला रेल्वे यायला अजून काही वर्षं होती, म्हणजे बोरघाट चढून वडगाव, चिंचवड अशा रस्त्यानंच तो आला असेल. आज जिथे उड्डाणपुलाखाली कंपन्यांच्या बसगाड्या अडकून पडतात, तिथे तेव्हा शेतं होती. पुण्याच्या छावणीत प्रवचन करायला लष्करी अधिकाऱ्यांनी मज्जाव केला. तरी तो राहिला. मूठभर माणसांची एक शाखा पुण्यात उभी केली, लिव्हरपूलहून निघणाऱ्या पंथाच्या ‘मिलेनियल स्टार’ या नियतकालिकाकडे पत्रं पाठवत राहिला आणि 1855 मध्ये निघून गेला. पुढच्या वर्षापर्यंत त्याचे बाकीचे सोबतीही हिंदुस्थानातून निघून गेले. शाखाही विरली. हिशेब मांडला तर हाती काही लागलं नाही.

पण मला कुतूहल आहे ते त्या मधल्या दिवसांचं. कुणी बोलावलेलं नाही, कुणाला आपलं ऐकायचं नाही, पाठीशी सरकार नाही की शाळा-दवाखाना चालवणारं मोठं मिशन नाही. अशा गावात सकाळी उठून माणूस तोंड कशाच्या जोरावर धुतो? साक्षात्काराच्या जोरावर रोज उठता येत नाही, तो रोज होत नाही. उठवतं ते वेळापत्रक. आता वाचायचं, आता चालायचं, आता दार ठोठावायचं. श्रद्धा ज्या दिवशी रजेवर असते त्या दिवशी तिचं काम नियम करतात. चाकणच्या पोरांना हे समजावून सांगावं लागणार नाही. तळेगाव चौकात पहाटे बसची वाट पाहत उभं राहायला प्रेरणा लागत नाही, थंब लावायची वेळ पुरते.

माझा स्वतःचा मामला सांगायचा तर मला दारावर येऊन देव देऊ पाहणारा माणूस रुचत नाही. आळंदी इथून हाकेच्या अंतरावर. वारकऱ्याला माळ घालायची असेल तर तो आपण होऊन जातो, माळ त्याच्या घरी चालत येत नाही. हे मी अभिमानानं म्हणतो आणि लगेच जाणवतं, की माझ्याकडे दार आहे म्हणून मला हे म्हणता येतं. एकोणिसाव्या वर्षी परक्या भाषेत अडखळत, दिवसाला वीस दारं तोंडावर बंद होताना पाहणं आणि एकविसाव्या दारी पुन्हा हसून उभं राहणं, हे मला त्या वयात जमलं नसतं. त्या पोराचा निरोप पटला नाही तरी त्याचं ते उभं राहणं खोटं ठरत नाही. पुष्कळजण त्या दोन वर्षांत दुसऱ्याला नव्हे, स्वतःलाच काय ते पटवून परत जात असतील. काही जणांना तेही जमत नसेल.

चाकणला परदेशी माणूस दिसला की तो कुठल्यातरी कंपनीचाच, असं आपण धरून चालतो. जर्मन, कोरियन, जपानी. त्यामुळे उद्या पांढऱ्या शर्टातली एखादी जोडी माझ्या जिन्याशी आली तर आधी मी त्यांना महाळुंग्याचा रस्ता दाखवीन, आणि मग खुलासा झाल्यावर सवयीनं विचारीन, चहा घेणार का? अडचण तिथेच होईल. त्यांना चहा चालत नाही, कॉफीही नाही. इकडे तर चहा नाकारणाऱ्याला शेजारीसुद्धा माणूसघाणा समजतात. लिंबू सरबत करता येईल. धर्माचं काय ते सरबत पिऊन झाल्यावर बोलू. वाद घालायला मला आवडतं, आणि गुरुवारी वेळही असतो.